फुंकर मारून घास कळतो का?

(मंडळाच्या खडेबाजारातील मांडवात झालेल्या भाषणाचा मजकूर)

महाप्रसादाच्या पंगतीत प्रत्येक घासावर घोटभर पाणी पिणारा एखादा पोरगा असतोच. आपण म्हणतो, "सावकाश खा की रे, जेवण पळून जातंय होय?" घरी मग ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू होतात. पण त्याला दमा, शिंका किंवा अंगाला खाज असेल, तर आम्हा डॉक्टरांना वेगळी शंका येते. अन्ननलिकेलाच ॲलर्जीची सूज आली असेल. हा आजार स्वतंत्र म्हणून ओळखला गेला तो १९९० नंतर. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एरवी अन्ननलिकेच्या अस्तरात नसतात, त्या तिथे गोळा होतात. दूध, गहू, अंडी ही नेहमीची कारणं. दुर्लक्ष झालं तर वर्षागणिक नळी अरुंद होत जाते.

आईवडील आम्हाला विचारतात, "दम्यासाठी फुंकर मारायचं यंत्र असतं, त्यात नाही का कळत? एवढ्याशा पोराच्या घशात दुर्बीण कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्या यंत्रात एकसारखा श्वास सोडला की श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजला जातो. श्वासनलिकांत ॲलर्जीची सूज असली की तो वाढतो. मोठ्या माणसांत अब्ज भागांत २५ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ५० च्या वर म्हणजे जास्त. सूज त्याच जातीची, म्हणून संशोधकांनी अन्ननलिकेच्या रुग्णांतही हे करून पाहिलं. उपचारानंतर आकडा थोडा उतरला, पण अस्तर कुणाचं बरं झालं नि कुणाचं नाही, हे त्यावरून सांगता येईना. फुंकर फुफ्फुसातून येते. अन्ननलिका शेजारीण खरी, पण तिचं घर वेगळं. शिवाय पालकाची भाजी किंवा बीट खाल्लं तर आकडा चढतो, बिडी ओढणाऱ्याचा उतरतो. निपाणीकडच्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

तेव्हा निदान दुर्बिणीनंच. अस्तर वरून चांगलं दिसलं तरी तपासायला तुकडे घ्यायला सांगा, निदान सहा, वेगवेगळ्या ठिकाणचे. सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल दिसले, की निदानाला आधार मिळतो. पुढे औषधं आहेत, पथ्य आहे. पण दूध-गहू मनानं बंद करू नका, वाढत्या मुलाचं वजन घटतं.

आणि घास अडकून लाळसुद्धा गिळता येत नसेल, तर केळं किंवा भाताचा गोळा वरून ढकलू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.