यंत्राशीं कोणत्या भाषेंत बोलावें?

संगणकाकरवीं एखादें उपकरण चालवावयाचें, तर प्रोग्राम कोणत्या भाषेंत लिहावा, असें घरांतील विद्यार्थी विचारूं लागले कीं आपण एखाद्या लोकप्रिय भाषेचें नांव सांगून मोकळे होतों. माझ्या मतें भाषेची कीर्ति पाहण्यापूर्वीं उपकरणाची घाई पाहावी.

समजा, एक वजनकांटा सेकंदास ९६०० बिट या वेगानें संगणकाकडे आंकडे पाठवीत आहे. येथें एका अक्षरास सुमारें एक सहस्रांश सेकंद लागतो, आणि आलेलीं अक्षरें संगणक सांठवून ठेवतो. अशा कामास १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथन उत्तम. ती शिकावयास सोपी आहे.

आतां हवेची उष्णता व आर्द्रता मोजणारें डीएचटी-११ घ्या. त्याची खूण सुमारें २७ मायक्रोसेकंद टिकली तर शून्य, ७० टिकली तर एक. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश! पायथनचा प्रोग्राम मध्येंच क्षणभर थबकला कीं मोजणी चुकते, आणि विद्यार्थी मात्र तारा तपाशीत बसतो. येथें डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्यें घडविलेली सी, किंवा तिच्यापासून झालेली सी++, हीच योग्य. आर्डुइनो उनोच्या तिसऱ्या आवृत्तींतील अवघ्या २ किलोबाइट चालू स्मृतींतहि ती नांदते. मात्र त्या स्मृतीचा हिशेब आपणच ठेवावा लागतो.

दोन्ही गरजा असल्यास घाईचें काम आर्डुइनोवर सी++ नें करावें, नोंदींचें संगणकावर पायथननें. म्हणून भाषा सुचविण्यापूर्वीं मुलांना एवढेंच विचारा : “तुमचें उपकरण किती वेळ थांबूं शकतें?”