बर्फाखालची पंधरा मिनिटे



रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या आहेत, आणि अशा दिवसांत वऱ्हाडच्या माणसांपुढे बर्फावर बोलायला उभे राहायचे म्हणजे काहींना थट्टा वाटेल. आपल्याला बर्फ ठाऊक तो भुशात आणि गोणपाटात गुंडाळून हातगाडीवर येणारा. परंतु जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यात जवान बर्फाखाली गाडले गेले, त्यांत गवई आणि खंडारे हे दोघे आपल्या अकोला जिल्ह्याचे होते. तिसरा शेजारच्या यवतमाळचा. त्याच्या आदल्या वर्षी, ३ फेब्रुवारी २०१६ रोजी, सियाचीनवर दहा जण गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. ज्या तालुक्यात प्यायला पाणी मिळत नाही तिथला मुलगा गोठलेल्या पाण्याखाली गेला. तेव्हा हा विषय परका आहे असे कोणी म्हणू नये.

डोंगरउतारावरून बर्फ सुटून खाली येतो त्याला हिमस्खलन म्हणतात. मला हिमलोट हा शब्द बरा वाटतो, कारण त्यात लोटणे आहे. आपली कल्पना अशी असते की बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस. पडला अंगावर तर झटकून उठावे. पडतो तेव्हा तो कापसासारखा असतो हे खरे. पण जिनिंगमध्ये ज्यांनी आयुष्य काढले त्यांना मी विचारतो, गाडीत भरलेला मोकळा कापूस आणि प्रेसमधून निघालेली गाठ एकच का? लोट थांबतो त्या क्षणी बर्फाची गाठ बांधली जाते. थांबलेल्या लोटातल्या एक घनमीटर बर्फाचे वजन सुमारे ३०० ते ५०० किलो भरते. आपली गाठ १७० किलोची धरतात. म्हणजे दोन-तीन गाठींच्या खाली माणूस. बोटसुद्धा हलवता येत नाही. बाहेर काढणाऱ्याला टन-दीड टन माल उपसावा लागतो.

काही जण आपटून मरतात, पण बहुतेक मरतात ते गुदमरून. युरोपातल्या डॉक्टरांनी शेकडो अपघातांची टिपणे जमवून हिशेब मांडला आहे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जगतात. अर्ध्या तासाने काढले तर दहांपैकी तीन. सियाचीनवर लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या इस्पितळात गेले. त्यांच्या भोवती हवेची पोकळी राहिली होती. अशी पोकळी नशिबाने मिळते, आणि नशिबावर कोणी कामाची व्यवस्था लावीत नाही.

हा हिशेब एकदा नीट ध्यानात घेतला की बाकीचे सारे त्यातून निघते. पंधरा मिनिटांत कोण येऊ शकतो? हेलिकॉप्टर येत नाही, कुत्रे घेऊन पथक येत नाही, साहेब तर येतच नाही. येतो तो शेजारी उभा असलेला सोबती. आमच्या एका गोदामात, नाव घेत नाही, पोत्यांची थप्पी कोसळून एक हमाल खाली सापडला. कचेरीतून फोन गेला, बंब निघाला, सारे यथाविधी झाले. पण त्याला काढला तो बाजूच्या चौघांनी, हातांनी पोती फेकून. बंब पोहोचला तेव्हा तो पाणी पीत बसला होता.

पण बर्फात चौघांना ठाऊक नसते की आपला गडी नेमका कुठे आहे. वर सगळे पांढरे. गेल्या शतकाच्या आरंभी आल्प्समधले लोक कमरेला लांब लाल दोरी बांधून मागे सोडीत, की माणूस गाडला गेला तरी दोरीचे टोक वर दिसेल. कधी दिसे, कधी नाही. मग १९६८ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो गावी जॉन लॉटन या अभियंत्याने एक छोटे रेडिओयंत्र केले. ते प्रत्येकाने छातीशी बांधायचे. चालताना सर्वांची यंत्रे एकसारखी हाक घालीत असतात. एखादा गाडला गेला की वर उरलेले आपापले यंत्र ऐकण्यावर वळवतात आणि खालची हाक ऐकत जवळ जातात. पुढे गंमत अशी झाली की अमेरिकेची यंत्रे एका लहरीवर आणि युरोपची दुसऱ्या. एकाची हाक दुसऱ्याला ऐकूच येईना! एका गिरणीत दोन युनियन असल्या की काय होते ते मला वेगळे सांगायला नको. अखेर सगळ्यांनी ४५७ किलोहर्ट्झ मान्य केली, आणि आज जगभर तीच चालते.

यंत्राने जागा कळते, पण हातभर इकडेतिकडे. म्हणून दुसरी वस्तू, घडीची लांब काठी. ती वीत-वीतभर अंतराने खुपसत जायची. अंगाला लागली की हाताला कळते. मग ती उपसायची नाही, तशीच रोवून ठेवायची. तिसरी वस्तू फावडे, आणि ते धातूचे. प्लास्टिकचे या गाठीवर मोडते. खणायचे डोक्यावरून खाली नव्हे, तर उताराच्या बाजूने आडवे शिरायचे. एकाने खणायचे, मागच्यांनी माल मागे ओढायचा, आणि मिनिटा-मिनिटाने पुढच्याने मागे यायचे. विहीर खणणारांना हे शिकवावे लागणार नाही.

चौथी वस्तू आहे ती हवेची पिशवी. पाठीवरच्या पिशवीतली दोरी ओढली की फुगा फुगतो. सुपात धान्य हलवले की मोठे ढेकूळ वर येते, तोच नियम. बव्हेरियातल्या एका वनरक्षकाला खांद्यावर शिकार असताना लोटाने नेले, आणि तो वरच राहिला, अशी तिची जन्मकथा सांगतात. १९८५ पासून ती बाजारात आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, लोटात पुरते सापडलेल्यांपैकी जिथे शंभरात बावीस मरतात तिथे पिशवी फुगली तर अकरा मरतात. पण पाचांतल्या एकाची फुगतच नाही, आणि बहुधा कारण हे की दोरी ओढायचे राहून जाते. पाठीवर घेतली म्हणजे झाले असे मानणाऱ्यांसाठी हा आकडा आहे.

आता माझ्या धंद्याकडे येतो. चाळीस वर्षे मी कामगारांच्या साधनांसाठी भांडत आलो. हातमोजे, चष्मा, नाकावरचे फडके, हे ज्याचे त्याने घालावे आणि ज्याचा त्याने बचाव करावा, अशी ती साधने. हे रेडिओयंत्र तसे नाही. माझ्या छातीवर असून मला काडीचा उपयोग नाही, जर तुमच्या हाती ते नसेल. टोळीत एकच यंत्र असणे म्हणजे एकही नसणे. दहा जण असतील तर दहा यंत्रे, दहा काठ्या, दहा फावडी, आणि दहाही जणांची कवायत. एखाद्याने खिशातला भ्रमणध्वनी यंत्राला चिकटून ठेवला तरी ऐकण्यात घोटाळा होतो. इतके हे एकमेकांवर अवलंबून आहे.

गुलमर्गला बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी देशोदेशीचे लोक येतात. त्यांच्यातले जाणते हा सारा संच अंगावर घेऊन येतात. यंत्र एकटेच पंचवीस-तीस हजारांच्या घरात. तरीही अपघात होतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे पोलंडचे दोघे गेले, पुढल्या वर्षी एक रशियन. त्या खेळाडूंचा मी उपहास करणार नाही. त्यांच्याच हौसेतून आणि मरणातून ही विद्या वाढली. पण एक फरक पाहा. खेळात मरणाऱ्यांच्या बाबतीत दहांपैकी नऊ वेळा लोट सुटतो तो त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनाने. ते उतार निवडतात. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार टाळला तर बराचसा धोका टळतो, आणि टाळणे त्यांच्या हाती असते.

मजुराच्या हाती काय असते? २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माना गावापाशी सीमा रस्ते संघटनेच्या तळावर लोट आला. आपल्या मूर्तिजापूरजवळ माना नावाचे स्टेशन आहे, त्यामुळे बातमी वाचताना मी क्षणभर चमकलो. ५४ कामगार सापडले. ४६ जणांना सैन्याने आणि इतरांनी वाचवले, ८ गेले. वाचले त्यांतले कित्येक झोपण्याच्या लोखंडी डब्यांमुळे वाचले, कारण डबे लोटाबरोबर गेले तरी चिरडले नाहीत. या माणसांनी उतार निवडला नव्हता. तळ कुठे टाकायचा हे दुसऱ्याने ठरवले, ते तिथे झोपले. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच चमोली जिल्ह्यात सुमना येथे रस्त्याच्या मजुरांवर असेच संकट आले होते.

म्हणून मजुराचे पहिले साधन छातीवरचे यंत्र नव्हे, तळाची जागा हे आहे. दुसरे, इशारा. चंडीगढला संरक्षण खात्याची हिमस्खलनाचा अंदाज सांगणारी संस्था आहे. मानाच्या लोटाआधीच्या सायंकाळीही तिचा इशारा निघाला होता. असा कागद साहेबाच्या मेजावरून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून झारखंडच्या मजुराच्या भाषेत त्याच्या कानापर्यंत किती तासांत जातो, आणि तो ऐकून त्या रात्री तळ सोडला तर त्याची हजेरी कापली जाते की नाही, हे प्रश्न युनियनने विचारायचे आहेत. यंत्र, काठी, फावडे त्यानंतर. पण त्यानंतर म्हणजे कधीच नाही असा अर्थ कोणी काढू नये. जवानांची गोष्ट निराळी, त्यांना जागा सोडता येत नाही. त्यांच्यासाठी तरी पैशाची सबब नको. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात उंचावरच्या जवानांना बर्फाचे चष्मे आणि बूट वेळेवर पुरे पडले नाहीत असे नोंदले आहे. अहवाल सरकारचाच आहे, माझा नाही.

हिमालयात जाणाऱ्या एका तरुण मित्राकडून मी ती घडीची काठी मागून आणली आहे. ही इथे मेजावर आहे. सभा संपल्यावर ज्यांना हौस असेल त्यांनी पुढे यावे आणि ती पिशवीतून काढून, झटकून, ताठ करून दाखवावी. सरावाचा माणूस हे काही सेकंदांत करतो. मला पहिल्या वेळी दीड मिनिट लागले. घड्याळ मी धरतो.