अडखळणारे गाणे



छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, समर्थनगर भागातल्या एका घराची कल्पना करावी. त्या घरातील आजींचे यजमान हयातभर पहाटे तंबोरा जुळवून गात असत. ते व्यवसायाने गवई नव्हते, आणि मैफलीही त्यांनी कधी गाजविल्या नाहीत. परंतु घरच्या घरी टेपरेकॉर्डरवर त्यांचे गाणे उतरवून ठेवलेले होते. त्यांच्या पश्चात चिरंजीवांनी त्या फितींवरील गाणे लॅपटॉपमध्ये घेतले. मूळ फितींना पुढे बुरशी धरली व त्या टाकून द्याव्या लागल्या. दिवेलागणीनंतर त्यांतील एखादा राग ऐकणे, हा आजींचा नित्यक्रम होऊन बसला.

एके दिवशी यमनातील चीज चालू असता गाणे अडखळले. एक स्वर गचकला, क्षणभर शांतता पसरली, मग तोच तुकडा दोनतीनदा उमटून गाणे पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी तसेच झाले. तिसऱ्या दिवशी अधिक. चिरंजीव म्हणाले, "आई, यंत्र जुने झाले. हे भंगारात देऊ आणि नवे आणू." नातवाने स्पीकरच बिघडला असे ठरवून नवा मागविण्याची तयारी चालविली. दोघांचाही हेतू चांगला होता. पण नाडी न पाहताच दोघांनी औषध ठरविले होते. लॅपटॉपवर गाणे का अडखळते आणि त्याचे कारण घरच्या घरी कसे शोधावे, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम असा प्रश्न उद्भवतो की, त्याच यंत्रावर पत्र लिहिले, हिशेब केले, तर काही बिघडत नाही. मग गाणेच तेवढे का अडखळावे? याचे उत्तर एका शब्दात सांगावयाचे तर ते 'वेळ' हे होय. पत्रातील अक्षर अर्ध्या सेकंदाने उशिरा उमटले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. गाण्याला ही सवलत नाही. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण घेतले, तर त्यात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, आणि तेही डाव्याउजव्या अशा दोन्ही वाहिन्यांसाठी स्वतंत्र. म्हणजे दर सेकंदास सुमारे १४ लक्ष बिट इतकी सामग्री, नेमक्या क्रमाने आणि नेमक्या क्षणी, ध्वनियंत्रापर्यंत पोहोचली पाहिजे. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चालला असेल, तर पाव सेकंदाचा खंड म्हणजे एक अख्खी मात्रा होय. सोळा मात्रांच्या आवर्तनात तो खंड पडला, की सम चुकली म्हणून समजावे.

हे वेळेचे गणित जमविण्यासाठी संगणकाने जी युक्ती योजिली आहे, ती या शहरातील गृहिणींस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे पाणी शहराला मिळते. परंतु नळाला दररोज पाणी नसणे ही गोष्ट येथील कुटुंबांनी वर्षानुवर्षे अनुभविलेली आहे. म्हणून प्रत्येक घरात पाण्याची टाकी आली. पाणी येते तेव्हा टाकी भरते, आणि स्वयंपाकघरातील नळ मात्र केव्हाही एकसारखा वाहतो. गाण्यासाठीही लॅपटॉपच्या स्मृतीत अशीच एक लहानशी टाकी असते. तिला बफर असे म्हणतात. गाण्याची सामग्री तिच्यात हप्त्याहप्त्याने पडते आणि स्पीकरकडे संथ धारेने जाते. टाकी रिकामी पडली की नळ जसा फुरफुरतो व गुळण्या टाकतो, तद्वतच बफर रिकामा पडला की गाणे गचके खाते. कित्येकदा ध्वनियंत्र नवी सामग्री न मिळाल्यामुळे जुनाच तुकडा पुन्हा वाजविते. ग्रामोफोनची सुई एकाच खाचेत अडकावी, तसा तो प्रकार.

तात्पर्य, अडखळणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. पाणी कोठे अडले ते पाहावयाचे असेल, तर नळापासून उगमाकडे एकेक जोड तपासीत जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर तो कशाने आला हे कळत नाही.

पहिला जोड स्पीकरचा. बिनतारी स्पीकर वा हेडफोन असेल, तर तो बाजूला ठेवून साधा तारेचा हेडफोन लावावा. बिनतारी जोडणीचे ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. घरातील वाय-फाय पुष्कळदा त्याच पट्ट्यात असते आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच शेजारातली. तेव्हा भट्टी सुरू होताच गाणे तुटू लागले, तर त्यात नवल नाही. तारेने गाणे सुरळीत वाजले, तर दोष वाटेतला आहे. स्पीकर जवळ आणावा, वाय-फाय शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्झवर न्यावे, म्हणजे बहुधा काम भागते.

दुसरा प्रश्न, गाणे येते कोठून? ते इंटरनेटवरून येत असेल, तर तेच गाणे आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यावे व मग वाजवावे. उतरवून घेतलेले गाणे नीट वाजले, तर लॅपटॉप निर्दोष. जोडणी मंद आहे.

तिसरा जोड प्रोसेसरचा, म्हणजे यंत्राच्या मेंदूचा. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. कोणते काम प्रोसेसरचा किती वेळ खाते, हे तेथे स्पष्ट दिसते. विषाणुरोधक प्रणालीची तपासणी किंवा विंडोजचे अद्यतन त्याच वेळी चालू असेल, तर ते आटोपू द्यावे. उष्णतेचाही विचार करावा. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. अशा दिवसांत लॅपटॉप गादीवर ठेवला, तर हवेची छिद्रे बुजतात, आणि जळू नये म्हणून प्रोसेसर आपण होऊन आपला वेग उतरवितो. यंत्र लाकडी पाटावर ठेवून पाहावे, पंख्यातील धूळ काढवून घ्यावी. बॅटरीवर चालताना वीज वाचविण्याची योजना चालू असेल, तर एकदा चार्जर लावूनही अनुभव घ्यावा.

चौथा जोड अधिक सूक्ष्म आहे. यंत्राचा प्रत्येक भाग आणि विंडोज यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाषा असतो. यांपैकी एखादा दुभाषा, बहुधा वाय-फायचा किंवा चित्रपटलाचा, क्षणभर प्रोसेसर अडवून धरतो. टास्क मॅनेजरमध्ये सर्व काही आलबेल दिसते आणि गाणे मात्र तुटते. अशा वेळी वाय-फाय बंद करून लॅपटॉपवरचेच गाणे वाजवावे. गचके थांबले, तर दोषी सापडला. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचा नवा ड्रायव्हर घ्यावा. लेटन्सीमॉन नावाची प्रणाली कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते दाखविते. ध्वनीच्या मांडणीतील 'एन्हान्समेंट्स', म्हणजे आवाज सुधारण्याच्या योजना, याही बंद करून पाहाव्यात. सुधारणेपायी कधी कधी मूळ गाणेच बिघडते.

आता शेवटचा जोड. आणि तोच सर्वांत गंभीर, कारण येथे गाण्याचा उगम आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. ही एक फिरती तबकडीच होय. ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. ही पुष्कळ लॅपटॉपमध्ये ५,४०० घेते, आणि तिचे वाचनशीर्ष पृष्ठभागाला न शिवता केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. तबकडीचा एखादा भाग दुबळा झाला, की तेथील मजकूर वाचण्याचा प्रयत्न डिस्क पुनःपुन्हा करीत राहते. त्यात सेकंदामागून सेकंद जातात आणि इकडे बफर कोरडा पडतो.

हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. गाणे दरवेळी निरनिराळ्या ठिकाणी अडखळत असेल, तर प्रोसेसर, ड्रायव्हर किंवा बिनतारी जोडणी यांचा संशय घ्यावा. दरवेळी त्याच ओळीवर, त्याच तानेवर अडखळत असेल, तर ते गाणे पेनड्राइव्हवर उतरवावे. उतरविताना यंत्र त्याच जागी रेंगाळले, तर डिस्क आजारी आहे. प्रत विनासायास झाली आणि तरीही त्याच जागी गचका राहिला, तर दोष मूळ ध्वनिमुद्रणातच आहे. यंत्रातून टकटक असा आवाज येऊ लागला, तर संशयाला जागाच उरत नाही.

समर्थनगरातील त्या घरी हा क्रम नातीने पाळला. तारेचा हेडफोन लावला; गचका कायम. वाय-फाय बंद केले, गचका कायम. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर स्वस्थ, पण डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर खिळलेला. मग तिने विचारले, "आजी, आजोबांचे गाणे रोज एकाच जागी अडते का गं?" आजी म्हणाल्या, "अंतरा सुरू झाला की दुसऱ्याच ओळीला." इतक्या संध्याकाळी आजी ऐकत होत्या, परंतु त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

नातीने यानंतर दुरुस्तीचा खटाटोप केला नाही, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डिस्कची तपासणी व दुरुस्ती करणाऱ्या प्रणाली तबकडीला फार राबवितात. आजारी माणसाला प्रकृती पाहण्यासाठी जिना चढावयास लावावे, तसे ते होते. तिने प्रथम प्रती काढल्या. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रमाणाचे एक तासाचे गाणे सुमारे ५८ मेगाबाइटचे होते. म्हणजे चाळीस तासांचे गाणेसुद्धा अडीच गिगाबाइटच्या आत बसते. साध्या पेनड्राइव्हवर ते सर्व मावले. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी चिरंजीवांच्या संगणकावर आणि तिसरी परगावच्या आत्याकडे, अशी व्यवस्था लागली. यमनातील अंतऱ्याची ती एक ओळ मात्र पुरती वाचता आली नाही. बाकीचे गाणे हाती लागले. लॅपटॉपमध्ये पुढे तबकडी नसलेली सॉलिड स्टेट डिस्क बसविली, आणि जुन्या यंत्राने पुन्हा उत्तम काम दिले.

नातवाच्या म्हणण्याप्रमाणे नवा स्पीकर आणला असता, तर त्या स्पीकरमधून तेच गचके अधिक स्पष्ट ऐकू आले असते. चिरंजीवांच्या म्हणण्याप्रमाणे यंत्र भंगारात दिले असते, तर त्याबरोबर एका माणसाचा आवाज गेला असता. आणि तो बाजारात दुसरा मिळत नाही.

म्हणून, ज्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा आवाज एकाच यंत्रात साठविलेला आहे, तेथे गाणे अडखळण्याची वाट पाहू नये. गाणे सुरळीत वाजत आहे तोच काळ प्रत काढण्याचा. आणि ते अडखळू लागलेच, तर प्रथम प्रत काढावी, मग कारण शोधावे. खरेदीचा विचार त्यानंतर करावा.