घरातील दप्तर



वसंत व्याख्यानमालेत मोठमोठे विषय मांडले जातात. आम्ही आज निवडलेला विषय मात्र घरगुती आहे. आपल्या घरातील जुन्या कागदांचे काय करावे, एवढाच तो आहे. विषय लहान असला तरी निकडीचा आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत) दरवर्षी जुने वाडे पडतात, नवी घरे उठतात, आणि माळ्यावरचे गाठोडे वाशांबरोबर खाली येते. वासे विकले जातात. गाठोड्याचे काय होते, ते बंब पेटवणाऱ्यास विचारावे!

हे कागद आजपर्यंत टिकले कसे, हे प्रथम पाहू. पूर्वजांना इतिहासाची आवड होती म्हणून ते टिकले, असा आपला गोड समज असतो. वस्तुतः ते टिकले वतनासाठी. पाटीलकी, कुलकर्ण, महारकी, देवस्थानची इनाम जमीन, यांपैकी कशावरही हक्क सांगायचा तर सनद दाखवावी लागे, निवाडपत्र दाखवावे लागे. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरच्या इनामांची कसून चौकशी झाली. ज्याच्यापाशी कागद, त्याची जमीन! तेव्हापासून तर दप्तर हे घरातील दागिन्यांच्या बरोबरीचे झाले. तांबड्या खारव्याच्या रुमालात बांधलेले ते कागद दसऱ्याला पुजले जात आणि वडील मुलगा मरतेसमयी बापाकडून ते सांभाळून घेई.

पुढे वतने गेली. १९५०च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने गेली, १९५८च्या कायद्याने महारकीसारखी कनिष्ठ वतने गेली, १९६२ साली पाटीलकी गेली. ती गेली हे योग्यच झाले. त्यांतील कित्येक वतने म्हणजे वेठीची दुसरी नावे होती. परंतु वतनाबरोबर कागदाचा पहारेकरीही गेला, इकडे आपले लक्ष नव्हते. ज्या कागदाने आता गुंठाभर जमीन मिळत नाही, तो ठेवायचा कशाला? त्यातच मोडी शाळांतून उठली. नातवाच्या दृष्टीने आजोबांचे पत्र म्हणजे मुंग्यांची रांग झाली.

याचा परिणाम काय झाला, हे दोन उदाहरणांनी सांगतो. जामखेड तालुक्यातील खर्डे येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. भूमी आपली. पण त्या मोहिमेची बारीकसारीक हकीकत आपणांस कोठून कळते? मिरजेच्या पटवर्धनांच्या दप्तरातून. परशुरामभाऊ पटवर्धन त्या मोहिमेचे सेनापती. त्या घराण्याने पत्रे राखली आणि वासुदेवशास्त्री खरे यांनी अर्धे आयुष्य वेचून ती 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली.

दुसरे उदाहरण याहून दूरचे. अमेरिकन मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम १८७४ साली नगरास आले आणि १९२६ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, येथे राहिले. त्यांचे वडील १८३९ साली मुंबईस उतरलेले. याच कुळातील एडवर्ड ह्यूम १८७६ साली नगरात जन्मले आणि डॉक्टर होऊन चीनमध्ये चांगशा येथे गेले. रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी १९२१ साली तेरा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. या घराण्याच्या अनेक पिढ्यांचे कागद आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात लावून ठेवले आहेत. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. आमचे म्हणणे इतकेच, की नगरचा अभ्यास करू पाहणाऱ्याला न्यू हेवनची वाट धरावी लागते. आपल्या जिल्ह्याची हकीकत दुसऱ्यांच्या फडताळात आहे, कारण दुसऱ्यांनी ती ठेवली.

मग आपल्याकडे कोणी ठेवलेच नाही काय? ठेवले आहे, आणि फार उत्तम रीतीने. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार नगर-राहुरीकडे बहरला. १९१९ साली टिळक वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ती बाडे लक्ष्मीबाईंनी नुसती पेटीत ठेवली नाहीत. ज्या बाईचे शिक्षण बेताचेच, तिने पुढे चौसष्ट अध्याय रचून ते काव्य पुरे केले! मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव करू लागला आणि आईकडून आठवणी लिहवून घेऊ लागला. त्यांतून 'स्मृतिचित्रे' जन्मास आली. नातू अशोक यांनी त्याच ग्रंथाची टीपांसह चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्यांची ही साखळी नीट न्याहाळावी. प्रत्येक पिढीने आपल्या हाती आलेल्या कागदावर काही ना काही काम केले. एकीने पुरे केले, दुसरीने जमवले, तिसरीने उलगडून सांगितले. आमच्या मते सांभाळणे याचा खरा अर्थ हाच. नुसते झाकून ठेवलेले दप्तर पहिल्या पिढीला ठेवा वाटते, दुसरीला ओझे आणि तिसरीला रद्दी.

येथे कोणी म्हणेल, "आम्ही काही सरदार नाही, कवीही नाही. आमच्या घरी कसले कागद?" महाराज, प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. त्या भागाची पावती ज्या घरात आहे, त्या घरी इतिहास आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईने मुंबईच्या गिरणीतील नवऱ्याला कोणाकडून तरी लिहवून घेतलेले पोस्टकार्ड, मनिऑर्डरीचे तुकडे, सावकाराची फिटलेली रोखी, वसतिगृहात राहून शिकलेल्या पहिल्या मुलाचा शाळेचा दाखला, हे सारे दप्तरच आहे. सरदारांचे कागद शोधायला राजवाडे तरी गावोगाव फिरले. आपल्या आईची पत्रे शोधायला कोणीही येणार नाही.

दुसरी शंका अधिक खरी आहे. जुन्या कागदांत भाऊबंदकी निघते, कर्ज निघते, झाकलेली गोष्ट उघडी पडते. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. हयात माणसाला बोचेल असा कागद वेगळ्या पाकिटात बंद करावा आणि अमुक वर्षापर्यंत उघडू नये, असे वर लिहावे. जाळू मात्र नये. आपली लाज पणतूला लाज वाटेलच असे नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे? एक विलक्षण गोष्ट ध्यानी घ्यावी. पेशवाईतील हाती बनवलेला, चिंध्यांचा कागद दोनशे वर्षांनीही लवचिक राहतो. आजोबांची लाकडाच्या लगद्याची वही मात्र पन्नास-साठ वर्षांत पिवळी पडून तुटू लागते, कारण त्या कागदातच आम्ल असते. म्हणून अलीकडच्या कागदांची निगा आधी करावी. प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंडू नये, त्याला दमट हवा मानवत नाही. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडात बांधावे आणि भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावे. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नये; ती कालांतराने डाग पाडते. पावसाळ्यानंतर रुमाल सोडून सावलीत वारा द्यावा. त्या निमित्ताने कसर आणि वाळवीही दिसते. मोबाईलवर छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण कोणी, कोणाला, कधी लिहिले हे टिपून ठेवावे. नाव नसलेले चित्र मुके असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दप्तराची वाटणी करू नये. शेताचे तुकडे झाले तरी प्रत्येक तुकड्यात ज्वारी पिकते. पत्र एका भावाकडे आणि त्याचे उत्तर दुसऱ्याकडे गेले, की दोन्ही वांझ होतात. भावांनी याद्या वाटून घ्याव्यात, नकला वाटून घ्याव्यात. मूळ कागद एके ठिकाणी ठेवावेत. घरात ठेवणारा कोणी नसेल तर १९६० साली स्थापन झालेले नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, पुण्यास राजवाड्यांनी १९१० साली स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तेथे विचारावे. देताना यादीवर पोच मात्र घ्यावी!

येत्या सुटीत नातवंडे घरी येतील. त्यांना एक दुपार माळ्यावर न्या. एक रुमाल सोडा, घरातील सर्वांत वृद्ध माणसाला मध्ये बसवा, आणि त्याला जे वाचता येईल, आठवेल, ते त्या मुलांकडून लिहून घ्या. कागद वाट पाहू शकतो. वाचणारा वाट पाहू शकत नाही. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.