निकालाची नक्कल आणि अपिलाची मुदत



घरातल्या माणसाला शिक्षा झाली की पहिला आठवडा रडण्यात जातो, दुसरा पैशाच्या जमवाजमवीत आणि तिसरा वकील शोधण्यात. कायदा मात्र निकालाच्या तारखेपासूनच दिवस मोजू लागलेला असतो.

हिशेब साधा आहे. समजा, लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा सुनावली, तर सत्र न्यायालयात अपील करायचे; मुदत 30 दिवस. शिक्षा सत्र न्यायालयाची असेल, तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. मुदत 60 दिवस, फाशी असेल तर 30. तिथेही अपील फेटाळले, तर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीचा अर्ज करता येतो. त्याला सर्वसाधारणपणे 90 दिवस. नक्कल मिळायला कोर्टाकडून लागलेला वेळ यातून वजा होतो, आणि सबळ कारण असेल तर झालेला उशीर माफही होतो.

नक्कल वेळेवर न मिळण्याची किंमत मोजणारा एक कैदी आपल्याच राज्यातला होता. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला 1973 मध्ये 3 वर्षांची सक्तमजुरी दिली. माणूस उच्चशिक्षित. तरी सर्वोच्च न्यायालयात अर्ज आला चार वर्षे उलटल्यावर, शिक्षा भोगून झाल्यावर. निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नव्हती, असे त्याचे म्हणणे. अर्ज फेटाळला गेला, पण 1978 च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि तातडीने द्यावी, तुरुंगाधिकाऱ्याने तिची लेखी पोच घ्यावी, आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला अपिलासाठी तो सरकारने द्यावा.

वरच्या कोर्टाने नकार दिला की सगळे संपले, असेही समजू नका. जालना जिल्ह्यातल्या 2003 च्या एका खून-दरोड्याच्या खटल्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशी झाली होती. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती पुन्हा फाशीवर नेली. पुढे 2014 मध्ये मोहम्मद आरिफ खटल्यात ठरले की फाशीच्या फेरविचार अर्जावर खुल्या कोर्टात, तीन न्यायमूर्तींपुढे तोंडी युक्तिवाद व्हावा. त्यामुळे या सहा जणांचे म्हणणे पुन्हा ऐकले गेले. मुख्य साक्षीदार महिलेने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून ओळखलेले चार जण वेगळेच होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता! 5 मार्च 2019 ला सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला 5 लाखांची भरपाई देण्याचा हुकूम झाला, पण त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे निघून गेली होती.

  पहिल्या अपिलाला कोर्टाची परवानगी लागत नाही. तो हक्कच आहे.

हा हक्क पैशाअभावी अडत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही. तुरुंगात असलेल्याने अपिलाचा अर्ज अधीक्षकांकडे दिला की तो कोर्टाकडे पाठवणे हे अधीक्षकांचे काम आहे.

म्हणून सांगणे एवढेच. निकाल लागला त्याच दिवशी नक्कल मागा. तिच्यावरची तारीख वाचा. मध्यस्थाच्या हाती पैसे देण्याआधी तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. मुदत संपण्याची वाट पाहू नका.