बालपुस्तकाचे मुखपृष्ठ



शाळेच्या ग्रंथपेटीतून पुस्तक निवडताना दुसरीतील मूल लेखकाचे नाव पाहत नाही, प्रस्तावनाही वाचीत नाही. ते वरचे चित्र पाहते आणि हात पुढे करते, किंवा करीत नाही. म्हणून मुखपृष्ठ ही केवळ सजावटीची बाब नव्हे.

चित्रकाराने प्रथम पुस्तक वाचले पाहिजे. हे सांगण्याची वेळ येऊ नये. परंतु तोच गुबगुबीत ससा आणि तेच फुगे कितीतरी पुस्तकांवर दिसतात! १९४० च्या दशकात सत्यजित राय यांनी कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेससाठी 'पथेर पांचाली'च्या बालआवृत्तीचे मुखपृष्ठ व आतील चित्रे काढली. त्या कथेचा ठसा त्यांच्या मनावर असा उमटला की, १९५५ साली प्रदर्शित झालेला त्यांचा पहिला चित्रपट त्याच कथेवर निघाला.

मग प्रसंगाची निवड. पंचतंत्रातील सिंह विहिरीत पडलेला दाखविला, तर गोष्ट मुखपृष्ठावरच संपली. तोच काठावरून पाण्यात डोकावताना दाखविला, तर पान उलटावेसे वाटते. त्यासाठी रंगांची उधळपट्टी नको. दोन रंगांतही हे साधते.

अक्षरांकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. नव्याने वाचू लागलेले मूल अक्षर त्याच्या आकारावरून ओळखते. नावाची अक्षरे वेलांट्यांच्या नक्षीत गुंतविली, शिरोरेषा तोडली, किंवा गर्द चित्रावर गर्द शाईने नाव छापले, की त्याची वाट अडते. त्यात संगणकावरील अनेक टंकांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वळणाची ही अक्षरे प्रमाण ठरविली आहेत. बालभारतीच्या पुस्तकात एक 'ल' आणि गोष्टीच्या पुस्तकावर दुसरा, हा गोंधळ मुलाच्या वाट्यास का यावा? ग्रंथखरेदी करताना शिक्षकांनी व समितीच्या सदस्यांनी एवढे तरी अवश्य पाहावे.

एवढे करून आलेले चांगले मुखपृष्ठ पुष्कळदा ग्रंथालयातच नाहीसे होते. पुस्तक टिकावे म्हणून त्यास तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी होते, कण्यावर क्रमांक पडतो, आणि ते कपाटात उभे राहते. बांधणी हवीच, पण मूळ मुखपृष्ठ त्याच पुठ्ठ्यावर चिकटविण्यास बांधणाऱ्यास सांगता येते. ज्या शाळेत मांडणी नाही तेथे भिंतीवर दोन खिळे ठोकून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर सुतळी ताणावी आणि पुस्तके मधोमध उघडून, मुखपृष्ठ समोर येईल अशी तीवर टाकावीत. जाड पुस्तके यास चालत नाहीत, पण लहान मुलांची पुस्तके बहुधा पातळच असतात. दर शनिवारी ती बदलावीत. काही फाटतील, खळ आणि कागदाची पट्टी जवळ ठेवावी.