पाट्यांवरचे दुसरे ओझे

टांग्यात बसून खडबडीत रस्त्याने प्रवास केलेल्यांना पोलादी पाट्यांच्या कमानीची ओळख करून द्यावयास नको. एकावर एक रचलेले ते पाटे ओझे तोलतात, धक्के सोसतात, आणि त्यांचे काम तेथेच संपते. कारण टांगा ओढतो तो घोडा. चाक आपले रस्त्यावरून नुसते फिरत जाते. मोटारीत हा क्रम उलटा होतो. तेथे चाकच रस्त्याला मागे रेटते आणि गाडी पुढे सरकते. चाकाला एका दिशेने पीळ दिला, की मागचा आस ज्या पोलादी नळीत बसविलेला असतो त्या नळीला तितकाच पीळ उलट दिशेने बसतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून कोणाचीच सुटका नाही.

१९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत हा उलटा पीळ शाफ्टभोवतीची भक्कम नळी सोसत असे. पुढे शाफ्ट उघडा ठेवण्याची हॉचकिस पद्धत रूढ झाली आणि ते काम पाट्यांच्या गळ्यात पडले. अमेरिकेतील पुष्कळ पिकअप ट्रकांची मागची बाजू अजून अशीच असते. इंजिनाचा पीळ ५०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि मागच्या आसाचे ३.७३ धरले, तर नळीवर सुमारे ७,४६० न्यूटन-मीटर इतका पीळ येतो. डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर, मागचा खाली वाकतो, आणि सरळ कमानीला नागमोडी वळण येते. मग टायर निसटतो, पाटा झटक्यासरशी पूर्ववत होतो, टायर पुन्हा पकड घेतो, पुन्हा निसटतो. या थयथयाटात पाटे तुटतात, युनिव्हर्सल जॉइंट फुटतात. ट्रक उंच दिसावा म्हणून आस आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालणाऱ्या हौशी मंडळींच्या वाट्याला हे दुखणे अधिकच येते.

यावरचा उपाय म्हणजे ट्रॅक्शन बार. पोलादी नळीची ही लांब दांडी मागे आसाच्या नळीला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी घट्ट बांधायची, आणि पुढे चासीला जोडायची. दांडी दीड मीटर लांब असेल आणि सारा पीळ दोन दांड्यांनीच उचलला असे मानले, तर प्रत्येकीचे पुढचे टोक चासीला सुमारे २५० किलो भाराने वर रेटते. लांबी वाढवावी तसा हा भार उतरतो.

परंतु खरी मेख पुढच्या टोकाशी आहे. खड्ड्यात चाक वर येताना आस पाट्याच्या वळणाने किंचित मागेपुढे सरकतो. दांडीचे टोक चासीला पक्के जखडले, तर ती या हालचालीला आडवी येते. गाडी दगडासारखी आदळते आणि जोड तडकतात. म्हणून तेथे उभा झुलता दुवा, म्हणजे शॅकल घालतात. तो मागेपुढे मोकळा झुलतो, वरच्या रेट्याला मात्र दाद देत नाही. एवढ्याशा तुकड्यावर सगळ्या रचनेचे शहाणपण अवलंबून आहे, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो.

मापे घ्यावीत ती ट्रक सपाट जागी स्वतःच्या चाकांवर उभा असताना. जॅकवर लोंबकळत्या आसाची मापे फसवी असतात. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडवावी, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या झाकून घ्याव्यात. आसाच्या नळीवर एका दमात लांब सांधा ओढला तर उष्णतेने ती वाकते. म्हणून तुकड्यातुकड्याने, समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत सांधावे. डिफरन्शियलच्या ओतीव घरावर तर साध्या वेल्डिंगचा प्रयोगच नको. वेल्डिंगचा हात बसलेला नसेल, तर नुसते कापून, जुळवून ठेवावे आणि सांधे जाणत्याकडून घ्यावेत. हा भित्रेपणा नव्हे. धावत्या ट्रकाच्या दांडीचे पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले, तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

काही शे किलोमीटर चालविल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत, सांध्यांवर केसाएवढी चीर दिसते का ते पाहावे. दांडी बसविण्यापूर्वी आणि नंतर गाडीखाली छोटा कॅमेरा बांधून चित्रण केले, तर पहिल्या चित्रात डिफरन्शियलचे नाक उसळी घेताना दिसते, दुसऱ्यात ते जवळजवळ जागच्या जागी राहते, आणि खड्डा आला की पाटे टांग्याच्या पाट्यांसारखे नुसते लवतात.